संपादकांस पत्र

१९८६ साली माझी बदली बँकेच्या विक्रोळी शाखेत झाली. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मुदत ठेवीचे व्याज न्यायला निवृत्त कामगारांची रांग लागे. त्यांतले एक गृहस्थ काम झाले तरी लगेच उठत नसत. चहा घेत, इकडच्या तिकडच्या गोष्टी सांगत. एके दिवशी त्यांनी धाकट्या मुलाला सहीसाठी सोबत आणले आणि त्याच्या पाठीवर थाप मारून मला म्हणाले, "साहेब, याला लहानपणी अमेरिकेच्या प्रेसिडेंटच्या आईनं औषध पाजलंय बरं का!"

मी हसून सोडून दिले. काउंटरमागे बसणाऱ्या माणसाला रोज काहीतरी अचाट ऐकायला मिळते, आणि ज्याची नोंद नाही ते खरे मानायचे नाही, ही आमची शिस्त. पण गृहस्थांचे म्हणणे अशक्य नव्हते. जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर या १९६६ ते १९६८ या काळात खरोखरच विक्रोळीत राहत होत्या. पेशाने परिचारिका. 'पीस कोअर' या अमेरिकन सरकारच्या स्वयंसेवक योजनेत नाव नोंदवले तेव्हा बाईंचे वय ६८ होते. गोदरेजच्या वसाहतीत राहून त्यांनी दवाखान्यात काम केले. घरी पाठवलेल्या त्यांच्या पत्रांचे पुस्तकही पुढे १९७७ मध्ये निघाले. आणि गंमत पाहा, बाईंचा जन्म १५ ऑगस्टचा, १८९८ सालचा!

जॉर्जिया राज्यातल्या, भुईमुगाच्या शेतांमधल्या एका खेड्यातली विधवा आजी विक्रोळीला आली कशी, हा प्रश्न माझ्या मनात बरीच वर्षे होता. त्याचे उत्तर, निदान त्या उत्तराचा एक धागा, मला गेल्या हिवाळ्यात सापडला. तो सापडला विद्यार्थ्यांनी चालवलेल्या एका दैनिकाच्या 'संपादकांस पत्रे' या रकान्यात.

मेनार्ड रस्त्यावरचे दैनिक

माझा मुलगा नोकरीनिमित्त मिशिगन राज्यातल्या अ‍ॅन आर्बर या गावी असतो. गाव विद्यापीठाचे. आपल्याकडे जसे एखादे क्षेत्राचे गाव देवळाभोवती वसलेले असते, तसे हे विद्यापीठाभोवती वसलेले. हिवाळ्यात बाहेर गुडघाभर बर्फ, घरात सगळे आपापल्या कामाला गेलेले. सुनेने एक दिवस संगणक उघडून दिला आणि म्हणाली, "बाबा, इथल्या विद्यापीठाच्या पेपरचे सगळे जुने अंक यात आहेत. तुम्हांला जुनी वर्तमानपत्रं आवडतात ना?" त्या दिवसापासून माझे दुपारचे झोपणे बंद झाले.

या पेपरचे नाव 'मिशिगन डेली'. १८९० साली सुरू झालेला. प्राध्यापकांनी नव्हे, विद्यार्थ्यांनीच चालवायचा, संपादक विद्यार्थी, बातमीदार विद्यार्थी, जाहिराती गोळा करणारेही विद्यार्थी. मेनार्ड स्ट्रीटवर त्याची स्वतःची इमारत आहे. आर्थर मिलर हा मोठा नाटककार १९३०च्या दशकात इथे शिकत असताना याच पेपरात बातमीदार होता. संपादकीय स्वातंत्र्याला किती वर्षे झाली, हे अभिमानाने छापण्याची या पेपराची प्रथा आहे. आपण लग्नाचा सुवर्णमहोत्सव मोजतो, तसे हे लोक स्वातंत्र्याची वर्षे मोजतात.

आपल्या मनात कॉलेजच्या नियतकालिकाचे जे चित्र असते, ते इथे बाजूला ठेवावे लागते. प्राचार्यांचे मनोगत, गॅदरिंगचे फोटो आणि चार नवकविता असला हा मामला नव्हता. हे दैनिक असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचे सभासद होते. म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या पेपरला ज्या तारा येत, त्याच तारा या विशी-बाविशीतल्या पोरांच्या कचेरीत येत. गावातले व्यापारी दैनिक दुपारचे होते. त्यामुळे सकाळी कॉफीबरोबर जगाची बातमी हवी असेल, तर ती विद्यार्थ्यांच्या पेपरातूनही मिळे.

त्यात आणखी एक भाग मला फार आवडला. विद्यापीठाच्या अधिकृत सूचनांचा रोजचा रकाना. परीक्षा, व्याख्याने, शिष्यवृत्त्यांच्या मुदती, सारे त्यात. आणि नियम असा, की त्यात छापून आलेली सूचना प्रत्येकाला पोहोचली, असे धरले जाईल. 'मला माहीत नव्हते' ही सबब चालायची नाही. बँकेच्या माणसाला अशा नियमाचे महत्त्व चटकन कळते. ज्या कागदावर विद्यापीठाची अधिकृत सूचना, त्याच कागदावर विद्यापीठावर टीका करणारा अग्रलेख! प्रशासनाला हा पेपर टाळता येत नव्हता आणि पेपरला प्रशासन.

एकाच पानावर

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकेतल्या कॉलेजांचा चेहरामोहराच बदलला. १९४४ च्या जून महिन्यात तिथल्या सरकारने परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलण्याचा कायदा केला होता. त्याचा फायदा घेऊन सुमारे २२ लाख माजी सैनिक कॉलेजांत गेले. १९४७ साली तर कॉलेजांत दाखल झालेल्यांपैकी जवळजवळ निम्मे माजी सैनिकच होते. अ‍ॅन आर्बरमध्ये त्यांना राहायला जागा पुरेना. काही मैलांवर विलो रन येथे फोर्ड कंपनीचा बॉम्बफेकी विमानांचा प्रचंड कारखाना होता. युद्धकाळात तिथल्या कामगारांसाठी बांधलेल्या तात्पुरत्या घरांत आता विद्यार्थी बायकामुलांसह राहू लागले आणि बसने वर्गाला येऊ लागले.

हा वाचकवर्ग डोळ्यांपुढे आणा. वर्गात बसलेला विद्यार्थी काल-परवापर्यंत इटलीत नाही तर पॅसिफिकच्या बेटांवर लढत होता. त्याला बर्लिन कुठे आहे हे नकाशात दाखवावे लागत नव्हते. त्याच्या दृष्टीने जगाची बातमी ही परगावची बातमी नव्हती. आणि त्याच वेळी घरभाडे, दुधाचा भाव, बसचे वेळापत्रक याही त्याच्या जिवाशी आलेल्या गोष्टी होत्या. म्हणून त्या वर्षांच्या अंकांत हे दोन्ही एकाच पानावर शेजारी शेजारी नांदताना दिसते.

मजेचीही कमतरता नव्हती. १ जानेवारी १९४८ रोजी रोझ बाउलच्या फुटबॉल सामन्यात मिशिगनने सदर्न कॅलिफोर्नियाचा ४९–० असा फडशा पाडला. विद्यापीठाचे गाव ते, हा विजय तिथे अजून विसरलेले नाहीत. १९५२ च्या मार्चमध्ये, वसंताच्या पहिल्या संध्याकाळी, एका वसतिगृहाच्या खिडकीत कुणीतरी ट्रम्पेट वाजवायला सुरुवात केली. अभ्यासाला कंटाळलेली पोरे बाहेर आली, जमाव वाढला आणि तो मुलींच्या वसतिगृहांवर चालून गेला. कपाटांतले कपडे पळवण्याचा हा दांडगाईचा खेळ त्या वसंतात देशभरच्या कॉलेजांत पसरला. त्याच वेळी त्याच वयाची हजारो मुले कोरियाच्या बर्फात लढत होती. वडीलधाऱ्यांना याचा राग येणे स्वाभाविक होते. पण मला वाटते, ज्याला उद्या लष्कराचे बोलावणे येऊ शकते, त्या मुलाच्या दंग्यात थोडी भीतीही असणार.

या पेपरांचे पोट जाहिरातींवर, आणि जाहिराती सिगारेटींच्या! १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या कॉलेज-पेपरांत मॅक्स शुलमन या विनोदी लेखकाचे एक सदर खूप गाजले. ते सदर म्हणजे सिगारेट कंपनीने पैसे देऊन छापून घेतलेली जाहिरात होती. मुले विनोदासाठी वाचत आणि ब्रँडचे नाव लक्षात ठेवत. १९६३ साली तंबाखू कंपन्यांनी कॉलेजच्या पेपरांतल्या जाहिराती थांबवल्या, तेव्हा कित्येक पेपरांच्या जमाखर्चाला मोठे भगदाड पडले. स्वातंत्र्याची वर्षे मोजणाऱ्यांनाही महिनाअखेरीस बिले भरावी लागतात. ही बाजू अग्रलेखात सहसा येत नाही, म्हणून इथे सांगितली.

भीतीची वर्षे

तरी सगळेच काही फुटबॉल आणि विनोद नव्हते. १९५४ च्या मे महिन्यात अमेरिकन संसदेच्या 'अमेरिकाविरोधी' कारवाया शोधणाऱ्या समितीपुढे मिशिगन विद्यापीठाचे तीन प्राध्यापक उभे राहिले. चँडलर डेव्हिस, क्लेमेंट मार्कर्ट आणि मार्क निकर्सन. तुम्ही कम्युनिस्ट आहात का, होता का, या प्रश्नांना उत्तर द्यायला त्यांनी नकार दिला. विद्यापीठाने तिघांनाही निलंबित केले. पुढे डेव्हिस आणि निकर्सन यांना काढूनच टाकले. डेव्हिस हे गणितज्ञ. त्यांना तर १९६० साली सहा महिने तुरुंगात काढावे लागले.

आता हे पाहा. जगाची बातमी म्हणजे मॉस्को, पेकिंग, बर्लिन. ती तारेने येते आणि लांबची वाटते. पण एके दिवशी तीच बातमी तुमच्या गणिताच्या सरांच्या दारावर थाप मारते. मग ती जगाची की आवारातली? अशा वेळी पेपर काय करतो, यावर त्याची किंमत ठरते. भीतीच्या काळात एखाद्याला काढून टाकले, एवढी कोरडी बातमी देणेही सोपे नसते, आणि त्याला का काढले असे विचारणे तर नाहीच नाही. विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या सभेला झाल्या गोष्टीबद्दल जाहीर खंत व्यक्त करायला १९९० साल उजाडावे लागले. त्यानंतर या तिघांच्या नावाने शैक्षणिक स्वातंत्र्यावर दरवर्षी व्याख्यान होऊ लागले. छत्तीस वर्षांनी पडलेली ही नोंद. आमच्या भाषेत सांगायचे तर फार जुनी थकबाकी.

याच गावाने त्या काळात एक आनंदाची जागतिक बातमीही दिली. १२ एप्रिल १९५५ रोजी इथल्याच रॅकहॅम सभागृहात डॉ. थॉमस फ्रान्सिस यांनी जाहीर केले, की साल्क यांची पोलिओची लस सुरक्षित आणि परिणामकारक आहे. जगभरच्या आईबापांनी निःश्वास सोडला. त्या दिवशी तिथल्या विद्यार्थी-बातमीदाराला जगाची बातमी मिळवायला टेलिप्रिंटरपाशी जायची गरज नव्हती. नुसता रस्ता ओलांडला तरी पुरे होते.

रात्री दोन वाजता

आता विक्रोळीच्या धाग्याकडे येतो.

१३ ऑक्टोबर १९६०. अध्यक्षपदाचे उमेदवार केनेडी आणि निक्सन यांचा टेलिव्हिजनवरचा तिसरा वादविवाद झाला. तो आटोपून केनेडी न्यूयॉर्कहून विमानाने निघाले. ते अ‍ॅन आर्बरला मिशिगन युनियन या विद्यार्थी-भवनापाशी पोहोचले तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, म्हणजे तारीख १४ लागली होती. ते फक्त झोपायला आले होते, पण पाहतात तो सुमारे दहा हजार विद्यार्थी थंडीत वाट बघत उभे! केनेडी पायऱ्यांवर उभे राहिले आणि हार्वर्डला 'पूर्वेकडचे मिशिगन' म्हणून त्यांनी पोरांना हसवले. मग विचारले, तुमच्यातले किती भावी डॉक्टर घानामध्ये काही दिवस काढायला तयार आहात? किती तंत्रज्ञ, इंजिनिअर परदेशांत जाऊन काम करतील? तीन मिनिटांचे भाषण. मग ते झोपायला गेले. देशभरच्या मोठ्या वृत्तपत्रांनी या भाषणाकडे फारसे लक्ष दिले नाही.

त्यांना दोष द्यायचे कारण नाही. मोठ्या पेपरांकडून हे पूर्वीही झाले होते. ५ जून १९४७ रोजी हार्वर्डच्या पदवीदान सोहळ्याच्या दिवशी परराष्ट्रमंत्री मार्शल यांनी युरोपला उभे करण्याची कल्पना मांडली, तेव्हाही अमेरिकेपेक्षा लंडनलाच तिचे महत्त्व आधी कळले. कॉलेजच्या आवारातले भाषण म्हणजे शिष्टाचाराचे, असा मोठ्या पेपरांचा समज असतो.

पण आवारातल्यांचा तसा समज नव्हता. काही दिवसांनी चेस्टर बोल्स तिथे व्याख्यानाला आले. हे गृहस्थ आपल्याकडे अमेरिकेचे राजदूत होते, १९५१ ते १९५३. आपला मुलगा आणि सून आफ्रिकेत जाऊन कसे काम करतात, ते त्यांनी सांगितले. श्रोत्यांत अ‍ॅलन आणि ज्युडिथ गस्किन हे तरुण जोडपे होते, दोघेही पुढचे शिक्षण घेणारे विद्यार्थी. त्या दोघांनी 'मिशिगन डेली'च्या संपादकांना पत्र लिहिले. आशय इतकाच, की आम्ही परदेशांत जाऊन काम करायला तयार आहोत, आणखी कोण तयार आहे?

पत्र छापून आले. प्रतिसाद मिळू लागला. सभा झाल्या, संघटना उभी राहिली, सह्यांचे कागद फिरले, शेकडो सह्या जमल्या. त्या वेळी या दैनिकाचा संपादक होता टॉम हेडन. पुढे अमेरिकेतल्या विद्यार्थी चळवळीचा मोठा पुढारी म्हणून गाजला, तोच. २ नोव्हेंबरला केनेडींनी सॅन फ्रान्सिस्को येथे 'पीस कोअर'ची कल्पना जाहीरपणे मांडली. ६ तारखेला, मतदानाच्या दोन दिवस आधी, टोलेडोच्या विमानतळावर मिशिगनच्या विद्यार्थ्यांनी सह्यांची भेंडोळी त्यांच्यापुढे धरली. १ मार्च १९६१ रोजी अध्यक्ष केनेडींनी आदेशावर सही केली. गस्किन दांपत्य स्वयंसेवक म्हणून थायलंडला गेले. आणि १९६६ मध्ये लिलियनबाई विक्रोळीत उतरल्या.

एका पत्राने हे सारे घडले, असे मी म्हणणार नाही. हिशेब चोख हवा. अशा योजनेचे विधेयक सिनेटर हंफ्री यांनी त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मांडले होते. कल्पना हवेत होतीच. पण हवेतली कल्पना आणि खाली नाव लिहिलेले पत्र यांत फरक आहे. हमी द्यायला तयार असणारे पुष्कळ भेटतात. कागदावर सही करणारा जामीनदार निराळा.

मुलाने मला त्या पायऱ्यांपाशी नेले. केनेडी जिथे उभे होते तिथे एक गोल धातूची तबकडी बसवलेली आहे. पोरे तिच्यावरून भराभर जातात येतात. मी बर्फ बाजूला सारून ती पाहिली. विक्रोळीचे ते गृहस्थ आता हयात असण्याची शक्यता नाही. नाहीतर त्यांना फोटो पाठवला असता.

मुलींचे फाटक आणि व्हिएतनाम

या गोष्टीने एवढे कळते, की आवारातला पेपर जगाकडे नेऊ शकतो. पण उलटा प्रवासही तितकाच अवघड असतो. त्या काळी मुलींना रात्री ठरलेल्या वेळेत वसतिगृहात परतावे लागे. मुलांना तसे बंधन नव्हते. मुलींवर देखरेखीसाठी विद्यापीठात खास महिला अधिष्ठाता असत. गोऱ्या मुलींनी काळ्या मुलांबरोबर फिरू नये म्हणून तिथून आईबापांना कळवले जाते, अशा तक्रारी होत्या. १९६०-६१ मध्ये 'डेली'च्या संपादकांनी हे प्रकरण लावून धरले. अखेर १९६१ मध्ये अधिष्ठाताबाईंनी राजीनामा दिला. दक्षिणेकडच्या वर्णभेदाविरुद्ध लिहिणे उत्तरेतल्या मुलांना सोपे होते. आपल्याच आवारातला वर्णभेद छापायला जास्त छाती लागली.

आणि मग १९६५ चा मार्च. व्हिएतनामवर बॉम्बहल्ले सुरू झाले होते. निषेध म्हणून एक दिवस वर्ग बंद ठेवायचे, असे काही प्राध्यापकांनी ठरवले. राजकारणी मंडळी खवळली. तेव्हा प्राध्यापकांनी युक्ती काढली, की शिकवणे बंद नको, उलट रात्रभर शिकवू! २४ मार्चच्या संध्याकाळपासून २५ च्या सकाळपर्यंत एंजल हॉलमध्ये व्याख्याने आणि चर्चा चालल्या. तीन हजारांच्या आसपास माणसे आली. मध्येच बॉम्बची धमकी आली, सभागृह रिकामे करावे लागले, लोक थंडीत उभे राहिले आणि पुन्हा आत गेले. 'टीच-इन' हा शब्द तिथून निघाला आणि देशभर गेला.

पण माझ्या मनात घर केले ते एका बारीकशा तपशिलाने. मुलींना येता यावे म्हणून त्या रात्रीपुरते वसतिगृहाच्या वेळेचे बंधन उठवण्यात आले. परराष्ट्रधोरण आणि मुलींच्या वसतिगृहाचे फाटक! या दोन बातम्या वेगळ्या करून दाखवा पाहू.

जे दिसले नाही

एक चूकही सांगितली पाहिजे, नाहीतर ही नुसती आरती होईल. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांची एक राष्ट्रीय संघटना स्थापन झाली होती. तिची अधिवेशने, तिचे आंतरराष्ट्रीय ठराव, तिच्या प्रतिनिधींचे परदेश दौरे, यांच्या बातम्या देशभरच्या कॉलेज-पेपरांत येत. १९६७ च्या फेब्रुवारीत 'रॅम्पार्ट्स' या मासिकाने उघड केले, की या संघटनेला वर्षानुवर्षे सी.आय.ए.कडून पैसा मिळत होता. भाषणे सगळ्यांनी छापली. दौऱ्याचे तिकीट कोण काढतो, हे विचारायचे मात्र बहुतेकांचे राहून गेले. व्हाउचर न पाहता एंट्री पास करायची नाही, हे बँकेत पहिल्या आठवड्यात शिकवतात. पत्रकारितेतही तोच धडा पहिला असावा.

आमचे भित्तिपत्रक

हे सारे वाचताना मला राहून राहून एक जुनी गोष्ट आठवत होती. ती सांगायला थोडा संकोच वाटतो.

आपल्याकडेही वृत्तपत्रांनी जग घरात आणलेच की. नानासाहेब परुळेकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉक्टरेट करून आले आणि १ जानेवारी १९३२ रोजी त्यांनी पुण्यात 'सकाळ' सुरू केला. त्याच कोलंबियाने ५ जून १९५२ रोजी आपल्या जुन्या विद्यार्थ्याला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना, सन्माननीय डॉक्टरेट दिली. माझ्या लहानपणी आमचे वडील ओट्यावर बसून व्हिएतनामची बातमी मोठ्याने वाचत आणि शेजारचे ऐकत. पण कॉलेजातले जग पेपरात यायचे ते तीनच वेळा. निकाल, गॅदरिंग आणि संप. कॉलेजातल्यांनी स्वतः लिहायची जागा म्हणजे भिंतीवरचा फळा, आमचे भित्तिपत्रक.

१९७९ साल. आणीबाणी उठून दोन वर्षे झाली होती. आम्ही स्वातंत्र्यावर फार बोलत असू. मी कॉमर्सचा विद्यार्थी, वसतिगृहात राहणारा. मेसमध्ये आमच्याकडून किती पैसे घेतात आणि खर्च किती होतो, याचे आकडे मी महिनाभर खपून जमवले. दुकानदारांकडे जाऊन भाव विचारले. सुवाच्य अक्षरात तक्ता करून भित्तिपत्रकावर लावला. दुपारी सरांनी बोलावले. सर चांगले होते, आजही त्यांच्याबद्दल मनात आदर आहे. त्यांनी विचारले, "आकडे बरोबर आहेत?" मी म्हणालो, "हो सर." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "काढून टाक. तुझं लिखाण चांगलं आहे. जगावर लिही की काहीतरी!"

मी माझ्या हाताने तो कागद उतरवला. टाचण्या परत डबीत ठेवल्या. पुढच्या आठवड्यात इजिप्त आणि इस्रायल यांच्या तहावर लेख लिहिला. सर्वांनी वाखाणला, नोटिशीच्या फळ्याशेजारी महिनाभर राहिला. मेसची आमटी तशीच राहिली.

सरांचा नाइलाज असेल. पण माझा काय होता? मला कुणी काढून टाकणार नव्हते, तुरुंगात घालणार नव्हते. मी नुसता 'बरं सर' म्हणालो. पुढे बँकेत छत्तीस वर्षे काढली, कादंबऱ्या लिहिल्या, त्यांत शूर माणसेही रंगवली. त्या कागदाचा विषय कधी कुणाकडे काढला नाही. चँडलर डेव्हिसची हकीकत वाचल्यावर त्या रात्री मला झोप आली नाही, ती काही बर्फामुळे नव्हे.

लांबच्या बातमीवर लिहायला फारसे धैर्य लागत नाही, जवळच्या बातमीला लागते, हे मला वयाच्या विसाव्या वर्षी कळले होते. मी ते कळूनही सोयीस्कर विसरलो होतो. त्या दैनिकातल्या पोरांनी जगाचा रकाना आणि मेसचा रकाना एकाच पानावर ठेवला. चुकले, घसरले, पण ठेवला. इजिप्तवर लिहिणे वाईट नव्हते. मेसचा तक्ता उतरवून त्या जागी इजिप्त लावणे वाईट होते.

नक्कल

'मिशिगन डेली'चा छापील अंक आता रोज निघत नाही. मजकूर पडद्यावर असतो. गावातल्या व्यापारी दैनिकाचा रोजचा अंक तर २००९ मध्येच थांबला. जगाची बातमी आता कुणाला तारेची वाट न पाहता खिशात मिळते. उणीव पडते ती आवारातल्या बातमीची. मेसचे आकडे कोण जमवणार, वसतिगृहाच्या फाटकाबद्दल कोण विचारणार, हा प्रश्न अ‍ॅन आर्बरला आहे तसाच तो आपल्याकडेही आहे.

परतण्याच्या आदल्या दिवशी माझी नात माझ्याजवळ येऊन बसली. आठवीत आहे. शाळा सुटल्यावर ग्रंथालय उघडे असायचे, ते आता बंद करणार आहेत, म्हणून तिला शाळेच्या पत्रिकेला पत्र लिहायचे होते. तिचे मराठी मोडकेतोडके, माझे इंग्रजी बँकेचे. तरी जमले.

"आजोबा, काय काय लिहू?"

"किती मुलं रोज बसतात, ते आधी मोज. एक आठवडा मोज. आणि पत्राच्या खाली पूर्ण नाव लिही."

तिने एक आठवडा मोजलेच होते. वही आणून दाखवली. सोमवार ते शुक्रवार, रेघा मारून, खाली बेरीज. मी बेरीज तपासली. बरोबर होती.

"आणि त्यांनी छापलं नाही तर?"

मी जरा थांबलो. मग म्हणालो, "तर दुसरीकडे पाठव. पण नक्कल ठेव बरं का. मी ठेवली नव्हती."